टीझर बघा, पण 'शिक्कामोर्तब' छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या पुरवणीत 'किंग्डम हार्ट्स ४' या जपानी गेमवर जी बातमी आलीये त्याबद्दल हे पत्र. हेडिंग होतं की या गेममध्ये स्टार वॉर्सचं जग येणार यावर शिक्कामोर्तब, आणि आत वाचत गेलं तर शिक्का मारला कुणी ते शेवटपर्यंत सापडत नाही, नुसतं 'चाहत्यांच्या मते', 'बोललं जातंय', 'समजतं'. वर शेवटच्या परिच्छेदात त्याच चाहत्यांना टोमणा, की एकेक फ्रेम थांबवून बघत बसायला या लोकांना एवढा वेळ मिळतो कुठून. म्हणजे हेडिंग त्यांच्या जिवावर आणि टपलीही त्यांनाच, हे काय बरोबर वाटलं नाही म्हणून लिहितोय.

आधी त्या ट्रेलरमध्ये नक्की काय आहे ते सांगतो, कारण बातमीत ते सोडून बाकी सगळं होतं. एप्रिल २०२२ मध्ये मालिकेला वीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम झाला, त्यात स्क्वेअर एनिक्सने, म्हंजे हा गेम बनवणाऱ्या कंपनीने, हा ट्रेलर दाखवला. सोरा, म्हंजे मालिकेचा हिरो, तो क्वाड्रॅटम नावाच्या शहरात आहे, दिसायला अगदी टोकियो, मग एक भलामोठा राक्षस, उड्या, मारामारी वगैरे. आणि त्यातच जंगलाच्या एका दृश्यात क्षणभर यंत्राच्या पायासारखं काहीतरी दिसतं. बस, तेवढंच. लोकांनी तिथे पॉज केलं, ब्राइटनेस वाढवला आणि म्हणाले हा तर स्टार वॉर्समधल्या त्या दोन पायांवर चालणाऱ्या यंत्राचा पाय, १९८३ च्या सिनेमात एंडॉरच्या जंगलात असतं ते. आता ही काय हवेतली गोष्ट नाहीये. किंग्डम हार्ट्समध्ये डिस्नेची जगं असतातच, आणि लुकासफिल्म डिस्नेने २०१२ मध्ये विकत घेतलीये, त्यामुळे दारं उघडी आहेत. अंदाज चांगलाय, मला स्वतःला पटतो. पण ट्रेलरमध्ये ते नाव कुणी घेत नाही, कुठे लिहिलेलं नाही, कंपनीने एक पाय दाखवला आणि बाकीचं शरीर आपण लावलं. तुमच्या बातमीत तर पायाचा उल्लेखच नाही!

आता टोमण्याबद्दल. फ्रेम थांबवून बघायची सवय चाहत्यांना आपोआप नाही लागली, ती गेम बनवणाऱ्यांनीच लावलीये, आणि त्यात या मालिकेचे डिरेक्टर तेत्सुया नोमुरा यांचा नंबर फार वरचा. पहिला गेम सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा शेवटी एक गुपित व्हिडिओ ठेवला होता, तो सगळ्यांना दिसायचा नाही, अटी होत्या, त्यातली एक म्हणजे वेगवेगळ्या जगांत हरवलेली डाल्मेशियन कुत्र्यांची ९९ पिल्लं शोधून काढायची. एवढं सगळं करून बक्षीस काय, तर काळोखं शहर, काळा झगा घातलेला कुणीतरी, दोन हातांत दोन कीब्लेड, म्हंजे किल्लीच्या आकाराच्या तलवारी, आणि मध्येमध्ये तुटक वाक्यं. नाव नाही गाव नाही. तो कोण हे कळायला डिसेंबर २००५ मध्ये दुसरा भाग यावा लागला, तिथे सुरुवातीलाच सोराच्या ऐवजी रॉक्सस नावाचा पोरगा आपल्या हातात देतात आणि मग हळूहळू उलगडत जातं. तीन वर्षं लोकांनी त्या एका व्हिडिओचा कीस काढला. ज्या माणसाने प्रेक्षक असा तयार केलाय त्याने जंगलात पाय दाखवला तर लोक डोळे मिटून बसणार आहेत का?

आणि तिसऱ्या भागात, जानेवारी २०१९ च्या, याहून भारी प्रकार. टॉय स्टोरीच्या जगात 'वेरम रेक्स' नावाच्या एका गेमची जाहिरात लागते, असा गेम मुळात नाहीचे, खोटी जाहिरात. नवख्या माणसाला ती गंमत वाटते आणि तो पुढे जातो. जुने लोक मात्र खुर्चीतून उठले, कारण त्यातला हिरो, गाड्या, रात्रीचं शहर, सगळं 'फायनल फँटसी व्हर्सस १३' ची आठवण करून देणारं होतं, नोमुरांनी २००६ मध्ये जाहीर केलेला गेम, जो वर्षानुवर्षं रखडला, २०१३ मध्ये नाव बदलून 'फायनल फँटसी १५' झाला, मग डिरेक्टरची खुर्ची दुसऱ्याकडे गेली आणि नोव्हेंबर २०१६ ला वेगळ्याच रूपात बाहेर आला. तेव्हा लोक म्हणतात की हा माणूस हातातून गेलेला गेम इथे मागच्या दाराने आणतोय. खरं असेल नसेल, पण हा अंदाज करायला तेरा वर्षांचा इतिहास पाठ लागतो. याला तुम्ही वेळ घालवणं म्हणणार असाल तर मग क्रिकेटचे जुने स्कोअरकार्ड पाठ असणाऱ्यांनाही म्हणा.

'मेटल गिअर' बनवणाऱ्या कोजिमांचं तर विचारूच नका. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अवॉर्ड सोहळ्यात 'द फँटम पेन' नावाचा ट्रेलर आला, बनवणारा कोण तर 'मोबी डिक स्टुडिओ', कुणी कधी न ऐकलेला. चाहत्यांनी शीर्षकाची अक्षरं बघितली, त्यात मधूनमधून तुकडे कापल्यासारखे दिसत होते, त्या फटींमध्ये 'मेटल गिअर सॉलिड ५' ही अक्षरं बसवून बघितली तर ती चपखल बसली. स्टुडिओच्या प्रमुखाचं नाव होतं योआकिम मोग्रेन, त्यातल्या योआकिमची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की कोजिमा होतं. मग हा मोग्रेन मार्च २०१३ मध्ये एका मुलाखतीला आला तो तोंडाला बँडेज गुंडाळून, आणि बोलतोय असा की जसं काही झालंच नाही! त्याच महिन्यात हिदेओ कोजिमांनी स्वतः सांगून टाकलं की हो, मेटल गिअरच आहे. सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि तरी सगळ्यांना मजा आली.

पुढच्या वर्षी 'पी.टी.'. १२ ऑगस्ट २०१४ ला प्लेस्टेशन ४ वर एक फुकट डेमो आला, बनवणाऱ्याचं नाव '७७८०एस स्टुडिओ', तेही बनावट. घरातला एक कॉरिडॉर, वळण घेऊन दार उघडलं की परत तोच कॉरिडॉर, दर फेरीला काहीतरी बदललेलं, आणि शेवटचं कोडं असं विचित्र की नक्की काय केल्याने सुटतं यावर लोक भांडत होते, कुणी म्हणे माइकमध्ये बोला, कुणी म्हणे कंट्रोलर थरथरेपर्यंत हलूच नका. बनवणाऱ्यांचा हिशोब होता की सोडवायला आठवडा तरी लागेल. पहिल्या काही तासांतच सुटलं. शेवटी पडद्यावर 'सायलेंट हिल्स' हे येणाऱ्या गेमचं नाव, आणि कोजिमा, सिनेमा दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो आणि नट नॉर्मन रीडस ही नावं आली, आणि रात्रभर जागलेल्या लोकांनी अक्षरशः आरडाओरडा केला. पुढे एप्रिल २०१५ मध्ये तो गेमच रद्द झाला, डेमोसुद्धा स्टोअरवरून काढून टाकला, एकदा काढल्यावर परत डाउनलोड होत नाही म्हणून पी.टी. असलेली जुनी मशिनं लोक जास्त पैसे देऊन घ्यायला लागले. म्हणजे पूर्ण गेम आलाच नाही आणि टीझरच एवढा मोठा झाला.

'रेसिडेंट ईव्हिल ७' चा डेमो जून २०१६ मध्ये आला त्यात पुतळ्याचं एक खोटं बोट सापडायचं. ते घेऊन करायचं काय? काहीच नाही. लोकांनी ते बोट घेऊन घरातली प्रत्येक खिडकी, कपाट, पुतळा पालथा घातला, पुतळे कुठल्या क्रमाने बघायचे याची टाचणं काढली, पण हाती काही लागेना, कारण त्या आवृत्तीत त्याचा उपयोगच ठेवला नव्हता. नंतर अपडेट टाकून त्याला काम दिलं. तेवढे महिने लोकांना नुसतं बोट धरून फिरवलं कॅपकॉमने, आणि कुणी तक्रार केली नाही, उलट गेम आला तेव्हा ते घर सगळ्यांच्या ओळखीचं झालेलं.

एवढं सगळं कौतुक केल्यावर आता दुसरी बाजू, कारण हेच हुशार लोक तोंडावरही आपटतात आणि ते कधी आपटतात हे बघण्यासारखं आहे. 'पर्सोना ५' चं घ्या. गेम प्लेस्टेशनवर होता, निन्टेन्डो स्विचवाल्यांना तो हवा होता. डिसेंबर २०१८ मध्ये त्यातला हिरो जोकर निन्टेन्डोच्या स्मॅश ब्रदर्समध्ये, म्हणजे वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढतात त्या गेममध्ये, येणार असं जाहीर झालं, आणि मग पर्सोना बनवणाऱ्या अॅटलसने 'पी५एस' अशी तीन अक्षरं दाखवली. झालं, एस म्हणजे स्विच, दुसरं काय असणार! तारीख होती २५ एप्रिल २०१९. त्या दिवशी कळलं की एस म्हणजे 'स्क्रॅम्बल', झुंडीच्या झुंडी मारत जायचा वेगळाच अॅक्शन गेम, तोही स्विचसोबत प्लेस्टेशनवर. गेम वाईट नव्हता पण त्या दिवशी लोकांचा राग बघण्यासारखा होता, जसं काही अॅटलसने शब्द मोडलाय. शब्द दिला कुठे होता? एक अक्षर दिलं होतं. स्विचवर 'पर्सोना ५ रॉयल' आला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्या अक्षराशी त्याचा काही संबंध नाही. मोबी डिकच्या वेळी लोक फटीत अक्षरं बसवून बघत होते, बसली नसती तर सोडून दिली असती. इथे उत्तर आधी ठरलं आणि मग अक्षर त्याला बसवलं. माझं सगळं म्हणणं या एका फरकाबद्दल आहे, काय दिसलं आणि काय हवं होतं, आणि तुमचा बातमीदार हा फरक करत नाही.

ऑक्टोबर २०१८ चं ग्रिंच प्रकरणही असंच. स्मॅश ब्रदर्समध्ये कोण कोण येणार याचा एक फोटो फुटला, फोटोत बाजूला ग्रिंच या तेव्हा अजून न आलेल्या सिनेमाचं छपाईचं साहित्य दिसत होतं, ते खरं होतं. मग लोकांनी ठरवलं की बाजूचं खरं म्हणजे मधलंही खरं. त्यात बँजो, जीनो, आयझॅक, शॅडो, केन, म्हणजे लोक वर्षानुवर्षं मागत होते ते सगळे एकाच पंगतीत बसलेले! इथेच संशय यायला हवा होता खरं तर. १ नोव्हेंबरला निन्टेन्डोच्या कार्यक्रमात स्मॅश ब्रदर्सचे डिरेक्टर मासाहिरो साकुराईंनी केन दाखवला, लोक ओरडले बघा खरं निघालं, आणि मग पुढचा निघाला यादीत नसलेला इन्सिनेरोर, आणि त्यानंतर पिरान्हा प्लांट, म्हणजे मारिओतली ती कुंडीतली चावरी वनस्पती. यादी खोटी. गंमत म्हणजे बँजो नंतर आलाच, २०१९ मध्ये, पण त्यामुळे तो फोटो खरा ठरत नाही.

कागदपत्रांतून मिळणारे सुगावे हा आणखी वेगळा विषय आहे आणि बातमीदारांची सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. जपानमध्ये ट्रेडमार्कचे अर्ज जाहीर होतात, दक्षिण कोरियाच्या रेटिंग बोर्डाच्या यादीत कधीकधी घोषणेआधीच गेमचं नाव दिसतं, वेबसाइटचं डोमेन कुणी घेतलं तेही बघता येतं. 'पर्सोना ४ रिव्हायव्हल' जून २०२५ मध्ये जाहीर झाला त्याच्या आधीच 'पी४आरई' असं डोमेन लोकांनी हुडकून काढलं होतं. हे भक्कम सुगावे आहेत, कारण कंपनीने ते आपल्याला खेळवण्यासाठी नाही तर तिच्या कामासाठी टाकलेले असतात. पण तेही किती सांगतात? रेटिंग असेल तर वस्तू तयार आहे इतपत धरायला हरकत नाही. ट्रेडमार्क कंपन्या खेळण्यांसाठी घेतात, जुने नूतनीकरण करतात, दुसऱ्याने घेऊ नये म्हणूनही घेऊन ठेवतात. 'नवा भाग येणार' हे त्यावरून छापायचं म्हणजे जरा जास्तच. आणि कधीकधी सुगावा म्हणून बघायला जावं तर भलतंच हाती लागतं, फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्ट्रीट फायटर ६' चा लोगो आला, लोक त्यात अर्थ शोधत असताना कुणीतरी दाखवून दिलं की जवळजवळ असाच लोगो विकतच्या स्टॉक चित्रांत आधीपासून पडून आहे. पुढे कॅपकॉमने लोगो बदलला.

काहीच मिळालं नाही तर काय होतं ते 'एल्डन रिंग' ने दाखवलं. जून २०१९ मध्ये एक ट्रेलर, कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं नाव, आणि मग जून २०२१ पर्यंत जवळजवळ सन्नाटा. दोन वर्षं! तर चाहत्यांनी स्वतःच गेम रचायला घेतला, न बघितलेले शत्रू, त्यांची नावं, त्यांना कसं मारायचं याच्या टिप्स, अमक्या बॉसने मला किती छळलं याच्या कहाण्या, आणि हे सगळं गंभीर चेहऱ्याने. खोटं आहे हे प्रत्येकाला माहीत, म्हणून कुणाची फसवणूक नाही. दरम्यान २०२० आणि २०२१ असं सलग दोनदा 'सगळ्यात जास्त वाट बघितला जाणारा गेम' हे द गेम अवॉर्ड्सचं बक्षीसही त्याला मिळवून दिलं. गेम फेब्रुवारी २०२२ ला आला तेव्हा त्या रचलेल्या शत्रूंवाचून कुणाचं काही अडलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला खरंच चीड येते ती. एप्रिल २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या स्टुडिओने 'अॅबॅन्डन्ड' नावाचा भयपट-छाप गेम जाहीर केला. गेम जपानी नाही, पण चाहत्यांनी तो जपानी करून टाकला, कारण मोबी डिक आणि पी.टी. त्यांना आठवत होतं, अनोळखी स्टुडिओ म्हणजे कोजिमाच, आणि त्यात तिथल्या डेव्हलपरची आद्याक्षरं हिदेओ कोजिमांशी जुळली. तो माणूस सांगतोय की माझा काही संबंध नाही, व्हिडिओ काढून तोंड दाखवतोय, तरी लोक म्हणतायत नट ठेवलाय. एकदा बँडेजवाला खोटा माणूस बघितला की खरा माणूसही खोटा वाटायला लागतो, काय करणार. स्टुडिओ काही धुतल्या तांदळाचा नव्हता हेही सांगितलं पाहिजे, गेमचं नाव एसने सुरू होतं आणि एलने संपतं (म्हणजे लोकांच्या डोक्यात लगेच 'सायलेंट हिल') असं स्वतःच टाकून त्यांनी तेल ओतलं, मग माफी मागितली. ऑगस्टमध्ये जो खास अॅप आणला तो आधी लांबला, आणि उघडला तेव्हा आत काही सेकंदांचं दृश्य, तेही आधी बघितलेलं. लोकांनी शिव्या घातल्या. पण त्याआधीचे चार महिने बातम्या कुणी छापल्या? 'हा कोजिमांचाच गेम?' असं प्रश्नचिन्ह लावून जगभरच्या साइटींनी रोज एक बातमी केली, प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी संपली असा एक समज आहे वाटतं. मोठी कंपनी असली तर तिला काही फरक पडत नाही, ती उलट खूश होते, फुकट जाहिरात. चार लोकांच्या स्टुडिओला, किंवा ज्याच्या आद्याक्षरांवरून थिअरी चाललीये त्या एकट्या माणसाला पडतो.

तेव्हा मागणी साधी आहे. टीझरवर बातम्या जरूर करा, मराठीत हे वाचायला मिळतं याचा आनंदच आहे, पण बातमीदाराने ट्रेलर स्वतः बघितलेला असावा, आणि बातमीत हे यावं की पडद्यावर काय दिसलं, ते कंपनीने दाखवलं की कागदपत्रांत सापडलं की कुणाच्या तरी फोनमधून फुटलं, आणि त्यावरून लोकांना काय वाटतंय. चाहत्यांचा अंदाज चाहत्यांच्या नावावर छापा, तो छापण्यासारखा असतो. एखाद्या सामान्य माणसाला कुणाचा तरी मुखवटा ठरवलं जात असेल तर त्याचं नाव-फोटो सोडून द्या. आणि शिक्कामोर्तब हा शब्द जून २०२२ सारख्या दिवसासाठी राखून ठेवा, 'ड्रॅगन्स डॉग्मा' च्या दहाव्या वाढदिवसाच्या व्हिडिओत शेवटी त्या गेमचे डिरेक्टर हिदेआकी इत्सुनोंनी वरचा कपडा बाजूला करून आतला टी-शर्ट दाखवला, त्यावर दुसऱ्या भागाचा लोगो. त्या रात्री कुणाला पॉज करावं लागलं नाही.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक

ता.क. : त्याच बातमीतल्या चौकटीत पहिला 'किंग्डम हार्ट्स' २००३ चा म्हटलाय. तो जपानमध्ये २८ मार्च २००२ ला आला, तेवढी दुरुस्ती छापावी.